धूर थांबला म्हणजे निखारा विझला नाही

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: कोळशावर पांढरी राख चढली, धूर थांबला, की शेगडी गाडीत घ्यायला हरकत नाही. साफ चूक, आणि जीवघेणी. राखेखालचा निखारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतच राहतो. त्याला ना रंग, ना वास. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही.

म्हणून शेगडी घेताना आकाराआधी झाकण बघा. 14 इंची वेबर स्मोकी जोसारख्या शेगडीची हवेची भोकं बंद करता येतात. हवा तुटली की कोळसा गुदमरतो. तरीही राख पूर्ण थंड व्हायला 48 तास लागू शकतात. सकाळीच निघायचं असेल, तर चिमट्याने एकेक निखारा पाण्याच्या लोखंडी बादलीत सोडा, चुर्र आवाज पूर्ण थांबेपर्यंत.