पाथ आणि पाथ: डॉसमधल्या १२७ आणि ६३ यांचा घोळ

एमएस-डॉस या कमांड टाइप करून चालवायच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘पाथ लांब झाला’ या एकाच तक्रारीत दोन वेगळी दुखणी लपलेली असतात. एक पाथ म्हणजे प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचा त्या डिरेक्टऱ्यांची यादी, जी ऑटोएक्झेक.बॅटमध्ये (संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडच्या फाइलीत) पाथ या कमांडने ठरते. दुसरा पाथ म्हणजे ड्राइव्हच्या मुळापासून (सगळ्यात वरच्या डिरेक्टरीपासून) एखाद्या डिरेक्टरीपर्यंतचा रस्ता. पहिल्याची मर्यादा १२७ अक्षरं, दुसऱ्याची ६३. दोन्हींवर लोक सर्रास सब्स्टचाच (एखाद्या डिरेक्टरीला ड्राइव्हचं अक्षर देणाऱ्या कमांडचाच) उतारा सांगतात. पहिल्यावर तो लागू पडतो, दुसऱ्यावर नाही.

१२७चा आकडा खरं तर यादीचा नाहीच, कमांडच्या ओळीचा आहे. कमांड वाचून चालवणारा कमांड.कॉम एका वेळी तेवढीच ओळ घेतो. प्रॉम्प्टवर टाइप करत असाल तर त्यापुढची अक्षरं उमटतच नाहीत. बॅच फाइलमध्ये (कमांडच्या ओळी लिहून ठेवलेल्या फाइलीत) मात्र जास्तीचा भाग गुपचूप गळतो, आणि यादीच्या शेवटच्या डिरेक्टरीतला प्रोग्रॅम हाक मारूनही सापडत नाही: ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’. फाइल जागेवर असते, यादीत तिचा पत्ता अर्धवट असतो. म्हणून असा संशय आला की आधी नुसतं ‘पाथ’ टाइप करून यादीचं शेपूट बघावं.

हिशेब असा. ‘पाथ’ हा शब्द रोमन लिपीत चार अक्षरांचा, त्यापुढे एक मोकळी जागा, म्हणजे यादीला उरली १२२. समजा एक नोंद आहे सी:\टूल्स\कंपायलर\बिन. रोमन अक्षरं मोजली तर टूल्स पाच, कंपायलर आठ, बिन तीन. ड्राइव्ह आणि बॅकस्लॅश धरून एकूण २१, सेमीकोलनसकट २२. या मापाच्या पाच नोंदी १०९मध्ये बसतात, सहावी घातली की १३१ होतात. आता

सब्स्ट पी: सी:\टूल्स\कंपायलर\बिन

अशी ओळ दिली की पाथमध्ये फक्त पी:\ लिहायचं. २१च्या जागी तीन अक्षरं, १८ वाचली. दर नोंदीला एक ड्राइव्ह खर्च करणं परवडत नसेल तर टी: हे नाव सी:\टूल्सला द्यावं. मग टी:\कंपायलर\बिन १५ अक्षरांत येतं, आणि टूल्सखालच्या सगळ्याच नोंदी सहा-सहा अक्षरांनी आखूड होतात.

इथे बॅकस्लॅशवर नजर ठेवा. पाथमध्ये नुसतं पी: लिहिलं तर त्याचा अर्थ ‘पी:वर सध्या जी डिरेक्टरी चालू आहे ती’. कुणी पी:वर सीडी (डिरेक्टरी बदलायची कमांड) करून आत गेलं की तुमचा शोध तिकडे वळतो. सकाळी चालणारा प्रोग्रॅम दुपारी रुसण्याचं कारण पुष्कळदा हा एवढासा बॅकस्लॅश असतो.

सब्स्टसाठी कॉन्फिग.सिसमध्ये (डॉस सुरू होताना वाचतो त्या मांडणीच्या फाइलीत) लास्टड्राइव्ह=झेड किंवा हवं ते अक्षर लागतं, नाहीतर पी: हा ड्राइव्हच डॉसला मान्य नसतो. सब्स्टच्या ओळी ऑटोएक्झेक.बॅटमध्ये पाथच्या आधी ठेवाव्यात आणि तिथे सी:\डॉस\सब्स्ट असा पूर्ण पत्ता द्यावा, कारण पाथ अजून ठरलेलाच नसतो. ड्राइव्ह नसताना तो यादीत राहिला तर ‘इन्व्हॅलिड ड्राइव्ह इन सर्च पाथ’ हा संदेश येतो. आणि अशा मानीव ड्राइव्हवर फॉर्मॅट, चेकडिस्क, लेबल, सिस या कमांड चालवू नयेत.

डॉस ६पासून आणखी एक वाट आहे: कॉन्फिग.सिसमध्ये सेट पाथ= लिहिणं. तिथली ओळ कमांड.कॉमच्या हातून जात नसल्यामुळे १२७ ओलांडता येतात. पण मग ऑटोएक्झेक.बॅटमधली पाथची ओळ काढून टाकायला हवी, नाहीतर ती ही लांब यादी पुसते. बॅच फाइलमध्ये सेट ओल्डपाथ=%पाथ% लिहून यादी जपायची सवय असेल तर तीही फसते. टक्क्यांच्या जागी खरी यादी आल्यावरची ओळ १२७मध्ये मावावी लागते आणि ‘सेट ओल्डपाथ=’ स्वतःच १२ अक्षरं खातं. म्हणजे ११५पेक्षा लांब यादी अशी जपता येत नाही.

(‘आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस’, म्हणजे पाथसारख्या सेट केलेल्या गोष्टी ठेवायची मेमरी संपणं, हे तिसरंच दुखणं. त्याला शेल=सी:\डॉस\कमांड.कॉम सी:\डॉस /ई:१०२४ /पी ही कॉन्फिग.सिसमधली ओळ पुरते.)

आता ६३. डॉस प्रत्येक ड्राइव्हची चालू डिरेक्टरी ६७ बाइटच्या एका खणात ठेवतो: ड्राइव्हचं अक्षर, कोलन आणि बॅकस्लॅश मिळून तीन, शेवटी शून्याचा एक, उरले ६३. आठ अक्षरी नावांचे सात थर, मधल्या सहा बॅकस्लॅशसकट, ६२ होतात. आठव्या थराला एक अक्षराचं नावही बसत नाही. डिरेक्टरी बनवायची कमांड एमडी ‘अनेबल टु क्रिएट डिरेक्टरी’ म्हणते, आणि डिस्क भरली की काय म्हणून माणूस जागा मोकळी करत बसतो. एक्सकॉपी या कमांडने डिरेक्टऱ्यांचं खोल झाड दुसऱ्या डिरेक्टरीच्या पोटात उतरवतानाही हेच होतं. मूळ जागी ५८ असलेला रस्ता \बॅकअपखाली गेला की सात अक्षरांनी वाढतो आणि ६५वर अडतो.

इथे सब्स्ट का कामाला येत नाही? कारण पी:च्या खणात डॉस पी:\ लिहीतच नाही, सी:\टूल्स\कंपायलर\बिन हा खरा रस्ता लिहितो आणि कितव्या अक्षरापासून तुम्हाला दाखवायचा तेवढी खूण ठेवतो. पी:वर आणखी खोल गेलात की तोच खण भरत जातो. खात्री करायची तर ट्रूनेम पी:\ अशी कमांड द्या, डॉस खरा पत्ता छापेल. सब्स्टने तुमचं टाइप करणं आखूड होतं, थर कमी होत नाहीत.

उपाय वरच्या टोकाला करायचा. डॉस ६मध्ये मूव्ह सी:\अकाउंट्स सी:\एसी असं केलं की आठ अक्षरांची दोन होतात आणि खालच्या सगळ्या रस्त्यांना सहा अक्षरांची जागा मिळते. रेन ही फाइलींची नावं बदलायची कमांड डिरेक्टरीचं नाव बदलत नाही. मूव्ह नसलेल्या डॉस ५मध्ये हे काम डॉसशेल या डॉससोबतच्या मेनूवाल्या प्रोग्रॅममधून होतं. त्यानंतर बॅच फाइलींतले आणि पाथमधले जुने पत्ते बदलायला विसरू नका.

उलट दिशेने सांभाळून. वरचं नाव लांब करताना डॉस फक्त ती एकच नोंद बदलतो, खालच्या झाडाकडे बघत नाही. नाव बदलतं, तक्रार येत नाही, पण तळाच्या डिरेक्टरीत सीडी केलं की ‘इन्व्हॅलिड डिरेक्टरी’. फाइली शाबूत असतात, फक्त रस्ता ६७च्या खणात मावत नाही. वरचं नाव पुन्हा आखूड केलं की दार उघडतं.