आर्वेलाद्झे, शोता

आर्वेलाद्झे, शोता : (२२ फेब्रुवारी १९७३ – ). जॉर्जियाचे फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक. खेळाडू म्हणून आघाडीच्या फळीत खेळत. राष्ट्रीय संघासाठी ६१ सामन्यांत २६ गोल करून ते निवृत्त झाले, तेव्हा हा जॉर्जियाचा विक्रम होता. त्यांचा जन्म तिबिलिसी येथे झाला. जुळा भाऊ आर्चिल आणि थोरला भाऊ रेवाझ हे दोघेही व्यावसायिक फुटबॉलपटू होते.

शोता आठ वर्षांचे असताना, मे १९८१ मध्ये, दिनामो तिबिलिसीने ड्युसेलडॉर्फ येथे पूर्व जर्मनीच्या कार्ल झाइस येना संघाला २–१ असे हरवून युरोपचा कप विनर्स कप (राष्ट्रीय चषक विजेत्या क्लबांची स्पर्धा) जिंकला. सोव्हिएत संघराज्यातल्या या छोट्या प्रजासत्ताकाची फुटबॉलमधली ती सर्वांत मोठी कमाई. मात्र शोता याच क्लबाच्या मुख्य संघात आले तोवर चित्र पालटले होते. १९९० मध्ये जॉर्जियाचे क्लब सोव्हिएत लीगमधून बाहेर पडले, १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राजधानीच्या रस्त्यांवर गोळीबार सुरू झाला. मॉस्को आणि कीव्हच्या संघांशी दर हंगामात होणाऱ्या लढती संपल्या. नव्या राष्ट्रीय लीगमध्ये दिनामोच्या तोडीचा संघ नव्हता. चांगल्या खेळाडूला देश सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही आणि त्या पिढीतले जवळजवळ सगळे गुणी खेळाडू बाहेर पडले.

१९९३ मध्ये शोता आणि आर्चिल दोघेही तुर्कस्तानच्या ट्रॅबझॉनस्पोर क्लबात दाखल झाले. ट्रॅबझॉन हे काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचे शहर. त्याच किनाऱ्याने पूर्वेकडे गेले की जॉर्जियाची सरहद्द लागते. अनेक दशके बंद असलेला सार्पचा सीमानाका १९८८ मध्येच उघडला होता. इस्तंबूलच्या बड्या क्लबांना टक्कर देणारा अनातोलियातला (तुर्कस्तानच्या आशियाई भागातला) संघ म्हणून ट्रॅबझॉनस्पोरचा लौकिक होता. १९९५ मध्ये संघाने तुर्की चषक जिंकला. पुढच्या हंगामात शोता २५ गोलांसह लीगचे सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. १९८४ नंतरचे क्लबाचे पहिले लीग विजेतेपद हाताशी आले होते. पण हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात घरच्या मैदानावर, आधी गोल करूनही, फेनरबाचेकडून १–२ अशी हार पत्करावी लागली. फेनरबाचे ८४ गुणांसह विजेता ठरला, ट्रॅबझॉनस्पोर ८२ वर थांबला. ही जखम त्या शहरात पुढे कित्येक वर्षे भळभळत राहिली, कारण पुढचे विजेतेपद थेट २०२२ मध्ये मिळाले.

१९९७ मध्ये ते ॲम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबात गेले. मॉर्टेन ओल्सेन यांच्या मार्गदर्शनाखाली त्या संघाने पहिल्याच हंगामात ११२ गोल ठोकून लीग जिंकली, नेदरलँड्सचा चषकही पटकावला. १९९९ मध्ये चषक पुन्हा आयाक्सकडे आला.

२००१ मध्ये डिक ॲडव्होकाट यांनी त्यांना स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या रेंजर्स क्लबात आणले. तिथले चार हंगाम हा किताबांच्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत भरघोस काळ होता, आणि त्यातला २५ मे २००३ हा दिवस विशेष सांगण्याजोगा आहे. लीगच्या शेवटच्या दिवशी रेंजर्स आणि शहरातलाच प्रतिस्पर्धी सेल्टिक गुणांत आणि गोलफरकातही (केलेले आणि स्वीकारलेले गोल यांतल्या फरकातही) बरोबरीत होते. रेंजर्सचा सामना घरी डनफर्मलिनशी, सेल्टिकचा त्याच वेळी किल्मार्नॉकमध्ये. दोन्हीकडे जिंकणे पुरेसे नव्हते, जास्तीत जास्त गोल हवे होते. सेल्टिकने ४–० असा विजय मिळवला, पण एक पेनल्टी वाया घालवली. रेंजर्स ६–१ ने जिंकले. त्या सहांपैकी एक गोल आर्वेलाद्झे यांचा होता आणि शेवटचा, अगदी भरपाई वेळेतला, मिकेल आर्तेता यांचा पेनल्टीवर. एका गोलाच्या फरकाने लीग रेंजर्सकडे गेली. त्या वर्षी स्कॉटलंडचे दोन्ही चषकही रेंजर्सनीच जिंकले. २००५ मध्येही लीगचा निकाल शेवटच्या दिवशीच लागला आणि रेंजर्सने एका गुणाने बाजी मारली.

त्यानंतर लुई व्हान गाल यांच्या नेदरलँड्समधील एझेड (आल्कमार) संघात ते खेळले. तिथेही एप्रिल २००७ मध्ये शेवटच्या दिवशी तीन संघ ७२ गुणांवर होते आणि एझेड गोलफरकाने आघाडीवर. तळाकडच्या एक्सेल्सियरकडून २–३ ने हरल्याने हातातोंडाशी आलेले विजेतेपद निसटले. स्पेनच्या लेव्हान्तेकडे एक खडतर हंगाम काढून २००८ मध्ये त्यांनी खेळणे थांबवले.

राष्ट्रीय संघाकडून खेळताना त्यांच्यासोबत गिओर्गी किंक्लाद्झे आणि तेमुरी केत्सबाया यांच्यासारखे मोहरे होते. नोव्हेंबर १९९४ मध्ये तिबिलिसीत वेल्सला ५–० असे लोळवणाऱ्या संघातला पाचवा गोल शोता यांचा. एवढे गुणवान खेळाडू असूनही त्यांच्या पिढीला मोठ्या स्पर्धेची मुख्य फेरी कधी गाठता आली नाही. पहिल्या युरो (युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा) पात्रता फेरीत गाठ जर्मनी आणि बल्गेरियाशी पडली होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. जॉर्जिया प्रथमच युरोच्या मुख्य स्पर्धेत उतरला तो २०२४ मध्ये.

प्रशिक्षकपदाचे धडे त्यांनी एझेडमध्येच सहायक म्हणून गिरवले. पुढची वाट मात्र तुर्कस्तानातून गेली: कायसेरीस्पोर (२०१०–१२), इस्तंबूलचा कासिमपाशा (२०१२–१५) आणि मग ज्या शहराने त्यांना डोक्यावर घेतले होते ते ट्रॅबझॉन. जुन्या प्रेमाचा तिथे फारसा उपयोग झाला नाही. युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उत्तर मॅसिडोनियाच्या राबोत्निचकी या छोट्या क्लबाने संघाला घरी धाडले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ते पदावरून दूर झाले.

त्यांचे संघ पुढे जाऊन खेळत. आघाडी राखण्यासाठी मागे सरकणे त्यांना रुचत नसे. याची किंमत इस्रायलच्या मकाबी तेल अवीव क्लबाचे प्रशिक्षक असताना मोजावी लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या झेनितविरुद्ध संघ ३–० ने पुढे होता. शेवटच्या पंधरा-सोळा मिनिटांत झेनितने चार गोल केले.

प्रशिक्षक म्हणून त्यांचे सर्वांत भक्कम काम उझबेकिस्तानात झाले. ताश्कंदचा पाख्ताकोर हा त्या देशाचा सर्वांत नावाजलेला क्लब. १९७९ च्या विमान अपघातात त्याचे १७ जण मृत्युमुखी पडले होते. २०१७ मध्ये आर्वेलाद्झे तिथे आले आणि २०१९ मध्ये लीग, चषक आणि लीग चषक असे देशातले तिन्ही किताब त्यांच्या संघाने एकाच वर्षात जिंकले. युरोपातून पाहणाऱ्यांनी या यशाची म्हणावी तशी दखल घेतली नाही. उलट जानेवारी २०२२ मध्ये तुर्की दूरचित्रवाणी निर्माते अजुन इलिजाली यांनी इंग्लंडचा हल सिटी विकत घेऊन त्यांना नेमले, तेव्हा ‘हे कोण?’ असाच सूर होता. त्यांनी तो हंगाम दुसऱ्या श्रेणीत टिकून पूर्ण केला. पुढच्या हंगामात लागोपाठ चार पराभव झाले आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी, संध्याकाळी ल्यूटन टाउनशी घरच्या मैदानावर सामना असताना, त्याच दिवशी क्लबाने त्यांना पदमुक्त केले.