लेक एका संघात, माहेर दुसऱ्याच गावात

2024च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कनेटिकटमधल्या बास्केटबॉलवेड्या माणसांची चांगलीच पंचाईत झाली. राज्याचा स्वतःचा व्यावसायिक संघ, कनेटिकट सन, डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या उपांत्य फेरीत मिनेसोटा लिंक्सकडून 3-2 असा हरला. मिनेसोटाची मुख्य खेळाडू होती नफीसा कॉलिअर, म्हणजे याच राज्याच्या विद्यापीठाची, यूकॉनची, माजी विद्यार्थिनी. अंतिम फेरीत मिनेसोटासमोर न्यूयॉर्क लिबर्टी उभी राहिली आणि तिथे होती ब्रियाना स्टुअर्ट, तीही यूकॉनचीच. 2016चं कॉलेज विजेतेपद या दोघींनी एकाच संघातून मिळवलेलं. पाच सामन्यांची ती मालिका पाहताना टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?

अमेरिकेत महिला बास्केटबॉलचा चाहता बहुतेक वेळा संघामागून नाही, तर खेळाडूमागून जातो आणि ती खेळाडू त्याने कॉलेजात पाहिलेली असते. माहेरच्यांचं लक्ष सासरी गेलेल्या लेकीवर असतं, तशातलाच हा प्रकार. उपमा जुनाट आहे, पण नेमकी बसते.

याचं पहिलं कारण वयाचं. कॉलेजचा महिला बास्केटबॉल व्यावसायिक लीगपेक्षा बराच थोरला आहे. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा 1972चा. त्यानंतर कॉलेजांना मुलींच्या खेळांवर पैसे खर्च करणं भाग पडलं. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेची महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1982 साली झाली आणि लुइझियाना टेक विद्यापीठाने ती जिंकली. डब्ल्यूएनबीएचा पहिला सामना मात्र थेट जून 1997मधला. मधल्या पंधरा वर्षांत टेनेसीत प्रशिक्षक पॅट समिट यांनी आणि कनेटिकटमध्ये यूकॉनचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांनी भरलेली मैदानं, तिकिटं काढणारी कुटुंबं, नावं पाठ असलेली पोरं असा सगळा संसार उभा केला होता. लीग आली ती या तयार घरात.

लीग चालवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. 1997मध्ये आठ संघ होते. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, आधी 16 नामांकित खेळाडू संघांना वाटून देण्यात आल्या आणि वाटताना कोण कुठे ओळखीची आहे हे पाहिलेलं दिसतं. लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात खेळलेली लिसा लेस्ली लॉस एंजेलिसलाच राहिली. टेक्सास टेक विद्यापीठासाठी 1993च्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 47 गुण काढणारी शेरिल स्वूप्स टेक्सासमधल्याच ह्यूस्टनला मिळाली. यूकॉनची रिबेका लोबो न्यूयॉर्कला गेली, कनेटिकटच्या शेजारी. ही युक्ती नवी नव्हती. पुरुषांच्या एनबीएतही 1965पर्यंत ‘टेरिटोरियल पिक’ नावाची सोय होती. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या आपल्या निवडीवर पाणी सोडलं, तर आपल्या परिसरातला कॉलेज खेळाडू संघाला थेट घेता यायचा.

लोबोचं नाव येतं तेव्हा 1995चा मोसम आठवावाच लागतो. यूकॉनने तेव्हा 35 पैकी 35 सामने जिंकून पहिलं विजेतेपद मिळवलं. राज्याचं सार्वजनिक टीव्ही केंद्र या मुलींचे सामने दाखवू लागलं होतं. त्यात 1997 साली हार्टफर्डचा आइस हॉकी संघ गाव सोडून गेला. मोठा व्यावसायिक संघ राज्यात उरलाच नाही, म्हणून मुलींचा कॉलेज संघ हाच राज्याचा संघ झाला. हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं वळण वाटतं. 2003मध्ये मोहिगन या आदिवासी समाजाने ओरलँडोचा संघ विकत घेऊन अनकॅसव्हिलच्या आपल्या कॅसिनोशेजारी आणला, तो याच प्रेक्षकाच्या भरवशावर. संघाबरोबर निकेशा सेल्स ही यूकॉनची खेळाडूही घरी परतली. सन चार वेळा अंतिम फेरीत पोचली, एकदाही जिंकली नाही. आणि 2004चं पहिलंच अपयश कुणाकडून? सिएटलकडून, जिथे यूकॉनची स्यू बर्ड खेळत होती.

ऑरिएमांच्या विद्यार्थिनी लीगभर पसरल्या. फिनिक्सला डायना तोरासी, मिनेसोटाला माया मूर. 2016च्या ड्राफ्टमध्ये तर पहिल्या तिन्ही निवडी यूकॉनच्या होत्या.

दुसरं कारण नियमातलं. अमेरिकी खेळाडूला डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टसाठी त्या वर्षात 22 वर्षं पूर्ण व्हावी लागतात किंवा पदवी मिळालेली असावी लागते. पुरुषांना कॉलेजात एक वर्ष काढलं तरी भागतं. त्यामुळे पुरुषांचा तारा नाव पाठ होईस्तोवर निघून जातो आणि मुलगी मात्र लोकांच्या डोळ्यांदेखत चार वर्षं घडते. शिवाय कॉलेजचा मोसम हिवाळ्यात, लीगचा उन्हाळ्यात. चाहत्याला दोन्हींपैकी एक निवडावं लागत नाही.

आयोवाची गोष्ट याच वाटेने जाते, फक्त गर्दी कितीतरी पट. त्या राज्यात शाळकरी मुलींचा सहा-सहा जणींचा जुना बास्केटबॉल 1993पर्यंत टिकून होता, आज्या-पणज्या खेळलेल्या. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क 2024मध्ये इंडियाना फीव्हर या संघात गेली आणि तिच्या 22 क्रमांकाचे शर्ट तिच्यामागून इंडियानापोलिसला पोचले. फीव्हर 2016नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, आली. गाठ पडली सनशी. तीन सामन्यांच्या मालिकेतले पहिले दोन अनकॅसव्हिलला होते, दोन्ही हरले, आणि घरच्या मैदानावरचा तिसरा सामना झालाच नाही. पुढच्या वर्षी क्लार्क दुखापतीमुळे बाहेर बसली आणि फीव्हर तिच्याविना उपांत्य फेरीत गेली. तिथे त्यांना एजा विल्सनच्या लास वेगासने हरवलं, आणि विजेतेपदही वेगासनेच नेलं. विल्सनचा पुतळा वेगासला नाही, तिच्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मैदानाबाहेर आहे.

आता मात्र हे नातं जरा सैल होतंय. कॉलेज बदलणं सोपं झालं, खेळाडूंना जाहिरातींचे पैसे मिळू लागले. हेली व्हॅन लिथ लुइव्हिल, एलएसयू आणि टीसीयू अशा तीन विद्यापीठांकडून खेळून 2025मध्ये शिकागोच्या संघात आली. तिन्हीकडचे लोक तिला आपलीच म्हणू शकतात. शिकागो त्या वर्षी प्लेऑफला पोचली नाही, म्हणून हा हक्काचा वाद तूर्त लांबणीवर पडला.