शहरी घरांच्या वाढत्या किमती आणि बुडबुड्याचा वाद : पार्श्वभूमी

मोठ्या शहरांतील घरांच्या किमती लोकांच्या उत्पन्नाला मागे टाकून धावू लागल्या की ही खरी मागणी आहे की बुडबुडा, म्हणजे केवळ आणखी भाववाढीच्या आशेवर फुगलेली किंमत, हा वाद नव्याने सुरू होतो. वाद जुना आहे, परंतु आज तो ज्या मुद्द्यांवर लढवला जातो ते मुद्दे फारसे जुने नाहीत. ते मुख्यतः १९८५ नंतरच्या तीस वर्षांत पुढे आले. त्यांपैकी काही जपानच्या अनुभवातून आले, काही अमेरिका आणि आयर्लंडमधील पडझडीतून, आणि बरेचसे स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने २०१० मध्ये सुरू केलेल्या व्याजदरवाढीतून.

त्याआधीच्या इतिहासातील तीन प्रसंग वारंवार सांगितले जातात. अ‍ॅमस्टरडॅममधील हेरेनग्राख्त कालव्याकाठच्या घरांच्या व्यवहारांवरून १६२८ ते १९७३ या काळाचा निर्देशांक तयार करण्यात आला आहे. महागाई वजा केल्यास जवळजवळ साडेतीन शतकांत त्या घरांच्या किमती दुपटीच्या आसपासच गेल्या. किमती अखेरीस पूर्वपातळीकडे वळतात असे मानणाऱ्यांचा हा आवडता पुरावा आहे. त्याच निर्देशांकात कित्येक दशके टिकलेले चढ आणि उतार दिसतात, म्हणजे ‘अखेरीस’ या शब्दात खरेदीदाराचे उभे आयुष्य निघून जाऊ शकते, याचा उल्लेख मात्र कमी होतो. मेलबर्नमधील १८८०च्या दशकातील जमिनीची तेजी १८९३च्या बँक-संकटात संपली. फ्लोरिडात १९२५ मध्ये लोक थोडासा विसार देऊन भूखंड अडवत आणि ताबा मिळण्याआधीच विसाराची पावती पुढच्याला विकत. सप्टेंबर १९२६च्या चक्रीवादळाने ती तेजी संपवली असे सर्रास लिहिले जाते, पण खरेदीदारांचा ओघ त्यापूर्वीच आटू लागला होता.

आजच्या वादाची खरी सुरुवात जपानपासून धरावी लागते. सप्टेंबर १९८५ मध्ये पाच देशांनी डॉलर उतरवण्याचा करार केल्यानंतर येन झपाट्याने महागला, निर्यात मंदावण्याची भीती निर्माण झाली आणि जपानच्या मध्यवर्ती बँकेने जानेवारी १९८६ ते फेब्रुवारी १९८७ या काळात आपला मुख्य व्याजदर ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणला. मे १९८९ पर्यंत तो तिथेच राहिला. तेथील बँका व्यवसायाच्या नफ्याकडे पाहून नव्हे, तर तारण ठेवलेल्या जमिनीच्या मूल्याकडे पाहून कर्ज देत असत. त्यामुळे जमीन महागली की कर्ज वाढे आणि त्या कर्जातून पुन्हा जमीनच घेतली जाई. युद्धोत्तर काळात, १९७४-७५ची घसरण सोडली तर, जमिनीचे भाव देशपातळीवर कधी उतरलेच नव्हते, त्यामुळे ते उतरणारच नाहीत असा समज पक्का झाला होता. पुढे ऑगस्ट १९९० पर्यंत दर ६ टक्क्यांवर नेण्यात आला आणि एप्रिल १९९० पासून स्थावर मालमत्तेसाठीच्या कर्जवाढीवर मर्यादा घालण्यात आली. सहा सर्वांत मोठ्या शहरांतील जमिनीचे भाव १९९१ पासून घसरू लागले आणि ही घसरण २००० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. व्यापारी जमिनीचे चार-पंचमांशांहून अधिक मूल्य त्यात गेले.

या अनुभवातून दोन परस्परविरोधी धडे घेतले गेले. काहींच्या मते दरवाढ फार उशिरा झाली. काहींच्या मते ती फार कठोर होती आणि पडझडीनंतरची दरकपात फार संथ होती. अमेरिकेने दुसरा धडा उचलला. तेथील मध्यवर्ती बँकेच्या तत्कालीन प्रमुखांनी ऑगस्ट २००२ मध्ये भूमिका मांडली, ती अशी की बुडबुडा फुटल्यावरच त्याचे अस्तित्व सिद्ध होते, म्हणून तो आधी फोडण्यापेक्षा फुटल्यानंतरचे नुकसान आवरणे शहाणपणाचे.

ही भूमिका आज भाबडी वाटते, परंतु तिच्यामागे हिशोबाची एक खरी अडचण आहे आणि ती समजून घेतल्याखेरीज पुढचा वाद उमगत नाही. घर जवळ ठेवण्याचा वार्षिक खर्च, म्हणजे व्याज, कर आणि डागडुजी मिळून, किमतीच्या ५ टक्के धरला आणि भाववाढीची अपेक्षा शून्य धरली, तर घराची किंमत वार्षिक भाड्याच्या वीसपट असणे रास्त ठरते. वर्षाला १ टक्का भाववाढ अपेक्षित असेल तर पंचवीसपट, २ टक्के असेल तर सुमारे तेहेतीसपट आणि ३ टक्के असेल तर पन्नासपट किंमतही त्याच सूत्रात बसते. व्याजदर उतरला तरी हेच घडते. अर्थशास्त्रात रूढ असलेल्या व्याख्येनुसार, उद्या अधिक भाव मिळेल एवढ्याच विश्वासावर आजची किंमत टिकून असेल आणि मूलभूत घटकांत तिला आधार नसेल, तर तो बुडबुडा. पण तीन टक्क्यांची अपेक्षा वाढत्या उत्पन्नातून आली की गेल्या चार वर्षांच्या भाववाढीतून, हे बाजारातील किमतीवर लिहिलेले नसते. ‘किंमत-भाडे गुणोत्तर अमुक पटीपलीकडे गेले म्हणजे बुडबुडा’ असे ठाम विधान ऐकले की त्यामागे कोणता व्याजदर आणि कोणती अपेक्षा धरली आहे, हे विचारावे. उत्तर बहुधा मिळत नाही.

अमेरिकेत २००१ च्या आरंभी ६.५ टक्के असलेला दर जून २००३ मध्ये १ टक्क्यावर आला, वर्षभर तिथे राहिला आणि जून २००४ ते जून २००६ दरम्यान सतरा वेळा वाढवून ५.२५ टक्के करण्यात आला. जानेवारी २००० मध्ये १०० धरलेला घरांच्या किमतींचा राष्ट्रीय निर्देशांक २००६च्या मध्यास १८४ पर्यंत गेला आणि २०१२च्या आरंभापर्यंत त्याने चतुर्थांशाहून अधिक मूल्य गमावले. दोष स्वस्त व्याजाचा होता की उत्पन्नाचा पुरावाही न मागता दिलेल्या कर्जांचा, यावर अजून एकमत नाही. व्याजदर सर्व राज्यांना सारखाच असूनही टेक्सासमधील किमती फारशा भडकल्या नाहीत, हे व्याजाला दोष देणाऱ्यांना अडचणीचे ठरते. तेथे मोकळी जमीन होती म्हणून असे झाले, हे स्पष्टीकरण मोकळ्या वाळवंटातल्या फिनिक्स आणि लास व्हेगासपाशी लंगडे पडते, कारण तेथे जमीन असूनही किमती भडकल्या.

आयर्लंडची गोष्ट थोडक्यात सांगता येते. युरोच्या स्वीकारानंतर तेथील व्याजदर फ्रँकफर्टमधील युरोपीय मध्यवर्ती बँकेत, साऱ्या युरो क्षेत्राकडे पाहून ठरू लागला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून २००७ पर्यंत घरांच्या किमती सुमारे चौपट झाल्या आणि २०१३च्या आरंभापर्यंत जवळजवळ निम्म्यावर आल्या. तेजीच्या शिखरावर वर्षाला नव्वद हजारांच्या आसपास बांधली जाणारी घरे नंतर दहा हजारांच्याही खाली गेली आणि त्या तुटवड्यातूनच पुढची भाववाढ जन्मली. २०२२ मध्ये किमतींनी २००७ची पातळी ओलांडली. जो २००७ मध्ये ‘बुडबुडा’ म्हणाला तो बरोबर होता. फक्त त्याचा सल्ला मानून थांबलेल्याला २०१२च्या सुमारास, बेकारी आणि आटलेल्या कर्जपुरवठ्याच्या दिवसांत, खरेदीचे धैर्य दाखवावे लागले असते.

या पार्श्वभूमीवर स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने जुलै २०१० मध्ये दर ०.२५ वरून ०.५ टक्के केला आणि जुलै २०११ पर्यंत तो २ टक्क्यांवर नेला. तेव्हा अमेरिकेसह अनेक श्रीमंत देशांत दर तळाशी होते. स्वीडिश कुटुंबांचे कर्ज त्यांच्या खर्चण्याजोग्या वार्षिक उत्पन्नाच्या १७० टक्क्यांच्या घरात पोहोचले होते आणि मुद्दलाला हात न लावता नुसते व्याज भरत राहण्याची पद्धत तेथे सर्रास होती. बँकेच्या सहा सदस्यांच्या मंडळातील दोघांनी वाढीला सातत्याने विरोध नोंदवला आणि त्यांपैकी एक २०१३ मध्ये मंडळातून बाहेर पडले.

निर्णय घरांच्या किमतींसाठी घेतला होता का, येथूनच मतभेद सुरू होतो. आरंभीच्या निवेदनांचा भर २०१० मधील जोमदार आर्थिक वाढीवर आणि महागाईच्या अंदाजांवर होता. कर्जाचा मुद्दा जोडीला होता. महागाई २ टक्क्यांच्या उद्दिष्टाखाली घसरू लागल्यावर मात्र दर खाली न आणण्याचे कारण म्हणून कुटुंबांच्या कर्जाचा उल्लेख वाढत गेला. त्यामुळे ‘बुडबुडा रोखण्यासाठी केलेला जगातला ठळक प्रयोग’ असे वर्णन समर्थक आणि टीकाकार दोघेही करतात, ते अर्धेच खरे आहे.

टीकाकारांचा हिशोब असा की जुन्या गृहकर्जांची जागा नवी कर्जे हळूहळूच घेतात, म्हणून दर १ टक्क्याने वाढवल्यास एकूण कर्ज फारच थोडे कमी होते. उलट उत्पन्न आणि एकूण वस्तूंच्या किमतींची पातळी लवकर खाली येते, आणि उत्पन्नाच्या तुलनेत कर्जाचा बोजा वाढतो. शिवाय बेकारी ८ टक्क्यांच्या आसपास असताना ही किंमत बेरोजगारांनी मोजली. हा हिशोब नेटका आहे आणि नंतरच्या घटनांनी त्याला बळ दिले. महागाई शून्याजवळ आली आणि बँकेला माघार घ्यावी लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये दर शून्यावर, फेब्रुवारी २०१५ मध्ये शून्याखाली आणि वर्षभरात उणे ०.५ टक्क्यांवर गेला. तो पुन्हा शून्यावर यायला डिसेंबर २०१९ उजाडला.

तरीही टीकाकारांच्या विजयाची जी कथा रूढ झाली आहे ती जरा जास्तच सोपी आहे, असे या लेखकाला वाटते. त्या काळातील कमी महागाईत युरोपातील मंदीचाही वाटा होता. दर वाढत असताना किमती काही काळ स्थिरावल्या आणि दर शून्याकडे जाऊ लागल्यावर २०१७च्या शरद ऋतूपर्यंत त्या जोराने चढत राहिल्या. संकटाची शक्यता किंचित कमी होण्याचे मोल किती, हा कळीचा प्रश्न आकड्यांत बसवता येत नाही, म्हणून तो हिशोबातून गळतो. बेकारीचा आकडा दर महिन्याला छापून येतो. न आलेल्या संकटाचा येत नाही.

या वादाचा व्यावहारिक परिणाम असा झाला की बहुतेक देशांनी व्याजदर बाजूला ठेवून कर्जाच्या अटींकडे मोर्चा वळवला. स्वीडनने ऑक्टोबर २०१० मध्येच गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८५ टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि जून २०१६ पासून मुद्दलाची परतफेडही सक्तीची केली. या मार्गाचे जुने उदाहरण हाँगकाँगचे आहे. तेथे १९९७ नंतरच्या सहा वर्षांत किमती साठ टक्क्यांहून अधिक कोसळल्या आणि लाखाहून अधिक कर्जदारांच्या घराची किंमत उरलेल्या कर्जापेक्षा कमी झाली. परंतु बँका सामान्यतः ७० टक्क्यांपर्यंतच कर्ज देत असल्याने बँकव्यवस्था तगली. बुडबुडा आहे की नाही हे न ठरवताही धोका मर्यादित ठेवता येतो, हे या उपायांचे मोठे आकर्षण. त्यांचा भार प्रथमच घर घेणाऱ्या, वडिलोपार्जित पैसा नसलेल्या तरुणांवर पडतो, ही त्यांची बाजू धोरणपत्रांत तळटीपेत जाते.

२०२२-२३ मधील दरवाढीने जुन्या अंदाजांची परीक्षा घेतली आणि निकाल देशागणिक वेगळा लागला. अमेरिकेत तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर सुमारे ३ टक्क्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये जवळपास ८ टक्क्यांवर गेला, तरी राष्ट्रीय पातळीवर किमती कोसळल्या नाहीत. ज्यांनी स्थिर दराने स्वस्त कर्ज घेतले होते त्यांनी घर विकायचेच टाळले आणि विक्रीस येणारी घरे कमी झाली. स्वीडन आणि न्यूझीलंडमध्ये बहुतेक कर्जांचे दर थोड्या काळातच पालटतात. तेथे हप्ते लगेच चढले आणि किमती शिखरापासून साधारण १५ ते १८ टक्क्यांनी उतरल्या, पण मोठी बँक बुडाली नाही. नवी बांधकामे मात्र स्वीडनमध्ये झपाट्याने घटली, आणि आयर्लंडचा अनुभव पाहता त्याचा परिणाम पुढील दशकातील किमतींवर दिसण्याची शक्यता आहे.

चीनमधील घसरण वेगळ्या वळणाने आली. १९९८ मध्ये कामाच्या ठिकाणाकडून घरे देण्याची पद्धत बंद झाल्यावर तेथे खासगी घरबाजार वाढला आणि विकासक बांधकामाआधीच खरेदीदारांकडून पैसे घेऊन त्यावर पुढचे प्रकल्प उभारू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये विकासकांच्या कर्जावर तीन मर्यादा घालण्यात आल्या. पुढच्या वर्षाअखेरीस सर्वांत कर्जबाजारी विकासक देणी चुकवू लागला आणि जुलै २०२२ मध्ये अर्धवट इमारतींत घरे नोंदवलेल्या अनेकांनी हप्ते थांबवण्याची धमकी दिली. या मर्यादा आवश्यक होत्या की त्यांनीच संकट ओढवले, यावर आता तसेच दोन तट पडले आहेत. घसरण किती खोल, हेही सरकारी आकड्यांवरून नीट कळत नाही, कारण नव्या घरांच्या किमती फार खाली आणू नयेत यासाठी अनेक शहरांतील प्रशासनांनी विकासकांना अटकाव केला होता. जुन्या घरांच्या व्यवहारांत मात्र भाव लवकर आणि अधिक उतरले.