लाखोळी : बंदी आधी, विषाचा शोध नंतर

धान कापणीला यायच्या थोडं आधी, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ओल असतानाच, पूर्व विदर्भातला शेतकरी उभ्या पिकात लाखोळीचं बी फेकतो. नांगरणी नाही, खत नाही, पाणी नाही. थंडीत कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, पुढे डाळ, बेसन, वडे आणि जनावरांना कुटार. भंडारा-गोंदियाकडे लाखोळी किंवा लाखोरी, छत्तीसगडात तिवडा, उत्तरेत खेसारी. हीच डाळ जवळपास अर्धं शतक महाराष्ट्रात विकायला बंदी होती.

तिच्यावरचा आळ जुना आहे. इंग्रज अधिकारी स्लीमन याने सागर भागातल्या एका गावाची हकीकत लिहून ठेवली आहे. 1829 साली गारपिटीने गहू गेला, पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, त्यानंतर पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षं तगला तो फक्त तिवडा, आणि लोक त्यावरच जगले. मग तिशीच्या आतली धडधाकट माणसं कमरेखाली लुळी पडू लागली. हा सागरचा मुलूख पुढे 1861 मध्ये नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आला.

या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. डोकं शाबूत, हात शाबूत. पाय तेवढे ताठरतात. टाच जमिनीला टेकत नाही, चालताना गुडघे एकमेकांवर घासतात. डॉक्टरांनी रुग्णांचे टप्पे पाडले तेही काठीवरून : बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी सरपटणारा. एकदा जडला की बरा होत नाही.

विष शोधायला मात्र फार वेळ गेला, आणि त्यात एक चकवाही होता. प्रयोगशाळांत उंदरांना लाखोळीच्या जातभाईचं, बागेतल्या स्वीट पीचं बी खाऊ घातलं गेलं. उंदीर आजारी पडले, पण बिघडली ती हाडं. त्या बियांतलं रसायन वेगळंच निघालं. माणसाच्या पायांचा उलगडा त्यातून झाला नाही. शिवाय लाखोळीच्या अर्काला पूर्ण वाढलेली जनावरं सहसा दाद देत नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. एस. शर्मा यांच्या हाताखाली काम करणारे एस. एल. एन. राव आणि त्यांचे सहकारी अदिगा यांनी एका दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग केले, तेव्हा पिल्लांना झटके आले. त्यांनी वेगळं काढलेलं अमिनो आम्ल आज ओडॅप म्हणून ओळखलं जातं. ते मेंदूतल्या ग्लुटामेट या निरोप पोचवणाऱ्या रसायनासारखं वागून चेतापेशींना अति उत्तेजित करतं. साल होतं 1964.

विक्रीबंदीचा केंद्राचा नियम आला होता 1961 साली, म्हणजे विष हाती लागायच्या आधीच. तो अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याखालचा होता आणि लागू कधी करायचा हे राज्यांवर सोडलं होतं. महाराष्ट्राने बंदी केली, काही राज्यांनी केलीच नाही. लाखोळी पिकायची थांबली नाही. स्वस्त असल्याने तूरडाळीत आणि बेसनात मिसळली जाण्याचा धोका तेवढा राहिला. माझ्या मते इथे कायद्याचं निदानच अर्धवट होतं. लॅथिरिझमच्या साथी आल्या त्या महिनोन् महिने ताटात दुसरं काहीच नव्हतं तिथे : दुष्काळात, मजुरी म्हणून हेच धान्य मोजून देणाऱ्या मालकांकडे, किंवा 1942-43 च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धात, आजच्या युक्रेनमधल्या वापनियार्काच्या छळछावणीत, जिथे कैदी असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी हा आजार ओळखला. डाळ भिजवून, उकळून पाणी ओतून दिलं की ओडॅप बरंच निघून जातं. पण भुकेच्या दिवसांत इंधन आणि पाणी तरी कुठलं?

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं उपोषणं केली, पाठपुरावा केला. महाराष्ट्राने 2008 मध्ये बंदी मागे घेतली. केंद्राच्या 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र खेसारीच्या विक्रीला मनाईच राहिली. 2015 च्या अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला. प्रतीक आणि महातिवडा शेजारच्या रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे. घोडं अडतं ते बियाण्यापाशी : बांधीत फेकलं जातं ते बहुधा घरचंच बी, आणि व्यापाऱ्याकडे पोतं उघडल्यावर दाणा पाहून त्यात ओडॅप किती हे कुणालाच सांगता येत नाही.