बंब नगरपरिषदेचा, गाडी १०८ची

माझ्या काकांना वावरात पान लागलं, म्हणजे साप चावला, तेव्हा सांजेचे साडेसहा वाजले होते. धुऱ्यावरून घरी आणलं, मग काळी-पिवळी मिळाली, मग तालुक्याचा दवाखाना. केसपेपरवर आल्याची वेळ पडली रात्री ९.४०. काका वाचले. पण मधल्या तीन तासांची नोंद कुठेच नाही, आणि पेशंटपर्यंत मदत पोचायला किती वेळ लागतो, हा विषय तिथूनच माझ्या डोक्यात बसला.

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत छातीत कळ आली म्हणून फोन केला तर अनेकदा दारात आधी बंब येतो. अग्निशमन दल ही तातडीच्या उपचारांची सेवा कशी देतं, याची तिथे नेमाने तपासणी होते. पण तिथेही हे पहिल्यापासून नव्हतं. १९६०च्या दशकात तिथल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधीचा व्यवसाय करणारे चालवत, कारण माणूस आडवा झोपेल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. वाटेत उपचार नाहीच. १९६६मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला आणि ही दुरवस्था चव्हाट्यावर आली. चोवीस तास तयार माणसं आणि वस्तीवस्तीत ठाणी अग्निशमन दलाकडे आयतीच होती. सिएटलमध्ये डॉ. लिओनार्ड कॉब आणि दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी १९७०मध्ये जवानांनाच हृदयविकाराचे उपचार शिकवून गाडीवर पाठवलं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की गाडी किती मिनिटांत पोचली एवढ्यावर ते थांबले नाहीत. हृदय बंद पडलेल्यांपैकी किती जण चालत घरी गेले, हेही त्यांनी मोजलं. मग उत्तर आपोआप समोर आलं: गाडी येईपर्यंत शेजाऱ्याने छाती दाबली पाहिजे. म्हणून त्यांनी सामान्य नागरिकांनाही शिकवलं.

आपल्याकडे आग आणि उपचार या दोन्ही वाटा वेगळ्या राहिल्या. अग्निशमन हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांचं काम. म्हणून बंब असतो नगरपरिषदेकडे, तालुक्याच्या गावी. खेड्यात गंजी पेटली की तिथूनच निघतो. आरोग्य राज्य सरकारकडे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७पासून नागपुरातच आहे, तरी विदर्भातल्या खेड्यात बंबवाल्याला पेशंटसाठी कुणी फोन करत नाही.

महाराष्ट्रात १०८ सुरू झाली २०१४मध्ये. तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या होत्या, त्यांत २३३ प्रगत उपचारांच्या; फोन उचलला जातो पुण्यात. गाडीवर डॉक्टर असतो, चालकाला ‘पायलट’ म्हणतात. बाळंतपणासाठी १०२. ही सेवा आली नसती तर कितीक माणसं बैलबंडीतच गेली असती, हे मी मनापासून म्हणतो. पण पुण्यातून पत्ता विचारतात तेव्हा घरातला माणूस घाबरून ‘मारुतीच्या देवळापाशी’ एवढंच सांगतो, आणि मारुतीचं देऊळ तर गावोगावी.

दोन वाटांमधली दरी दिसते ती मोठ्या आपत्तीत. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. १ जुलै २०२३ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. अशा वेळी आग विझवणारा आणि श्वास देणारा एकाच क्षणी लागतो. तालुक्याच्या बंबावरच्या जवानाला रक्त थांबवणं आणि छाती दाबणं नीट शिकवून त्याचा सराव दरवर्षी घेतला, तर निदान पहिली दहा मिनिटं वाया जाणार नाहीत.

मात्र मोजमाप तिकडचं उचलून चालणार नाही. तिथला मानक प्रगत उपचार ८ मिनिटांच्या अंतरावर धरतो. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच पाण्याखाली जातो. पाड्यावरून बाळंतीण खाटेची कावड करून चार जण खांद्यावर आणतात, तेही मोबाइलला रेंज येईल तिथपर्यंत. १०८चं घड्याळ सुरू होतं फोन लागल्यावर. म्हणजे सगळ्यात लांबचा टप्पा हिशेबाबाहेरच.

त्यामुळे तपासणी करायचीच तर गाडीच्या नोंदवहीत, केसपेपरवर दोन रकाने वाढवावेत: दुखणं सुरू झालं किंवा पान लागलं ती वेळ, आणि घरून निघाल्याची वेळ. नातेवाइकाला विचारलं तर तो सांगतो. काकांसोबत मीच होतो; मला कुणी विचारलं नाही.