नवं लायसन्स, पहिली कार: विमा कमी खर्चात कसा घ्यावा आणि कागदपत्रं कोणती लागतात

अठरा पूर्ण झाली, आरटीओतली टेस्ट पास झाली, पक्कं लायसन्स घरी आलं. आता गाडी घ्यायची तर विमा किती पडेल? पोरगा नवशिका आहे म्हणजे हप्ता दुप्पट लागणार, अशी धास्ती अनेक घरांत असते. ब्रिटनसारख्या देशांत तसं होतंही. आपल्याकडे मात्र विमा मुख्यतः गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नव्हे. म्हणून पैसे वाचवायचे तर चालकाच्या वयाची चिंता बाजूला ठेवावी आणि गाडी कोणती, ती कोणाच्या नावावर, हे आधी ठरवावं.

थर्ड पार्टी: इथे घासाघीस नाही

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. विम्याविना पकडलं गेल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये.

याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात पेट्रोल-डिझेलच्या खासगी कारला वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असे दर आहेत. वर १८ टक्के जीएसटी. या तक्त्यात चालकाच्या वयाचा रकानाच नाही. कोरी गाडी घेतलीत तर तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता एकदम भरावा लागतो. सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. पहिली गाडी लहान इंजिनाची घेतली की इथला फरक दर वर्षी मिळत राहतो.

थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून ६,००० रुपयांवर आणली तर हप्त्यात शंभर रुपये सूट मिळते. ही सूट घेऊ नका. हल्लीच्या गाडीचा एक हेडलाइटही सहा हजारांत येत नाही.

गाडी कोणाच्या नावावर?

खरी बचत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, म्हणजे ओडीमध्ये आहे. हा हप्ता गाडीची आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत), तिचं वय, इंजिन आणि नोंदणीचं शहर यांवर ठरतो, आणि कंपनीगणिक बदलतो. त्यावर नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे हप्त्यात सूट मिळते: क्लेम न करता गेलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के.

हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. वडिलांनी जुनी गाडी विकली तर जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेऊन ते तीन वर्षांच्या आत आपल्या नावावरच्या दुसऱ्या गाडीला वापरू शकतात. समजा नव्या कारचा ओडी हप्ता १२,००० येतो आणि वडिलांचा बोनस ५० टक्के आहे, तर तो ६,००० वर येतो. गाडी वडिलांच्या नावावर, चालवणार मुलगी किंवा मुलगा, यात गैर काही नाही. मालकाच्या परवानगीने आणि वैध लायसन्सवर चालवणारा कोणीही पॉलिसीत बसतो. फॉर्ममध्ये गाडी कोण चालवणार असं विचारलं असेल तर मात्र खरं तेच लिहा. वडील हयात असताना त्यांचा बोनस मुलाच्या नावावरच्या गाडीला लावता येत नाही. चढवलाच तर कंपनी आधीच्या कंपनीकडे तपासते आणि क्लेम अडकतो.

या व्यवस्थेत एक उणीव आहे. पॉलिसीसोबतचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त मालक-चालकाला लागू होतं, तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. मुलासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी. वाचलेल्या पैशांतून ती सहज निघते.

झिरो डेप घ्यावं का?

नवशिक्याच्या हातून पहिल्यांदा फुटतो तो बंपर, आणि बंपर प्लास्टिकचा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. झिरो डेप घेतलं की हा घसारा कापला जात नाही. गाडी नवी असेल तर त्याचे जास्तीचे पैसे पहिली दोन-तीन वर्षं द्यावेत, असं माझं मत आहे. जुनी, दीड-दोन लाखांची गाडी शिकण्यापुरती घेतली असेल तर उलट. तिथे नुसता थर्ड पार्टी पुरतो. ओडी घेतला असेल तरी किरकोळ ओरखडे खिशातून भरा, त्यासाठी बोनस घालवू नका. आणि हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढणाऱ्या एजंटाला नाही म्हणा. गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम तीच असते.

लायसन्सची अट

शिकाऊ लायसन्सवरही विमा चालतो. पण शेजारी पक्कं लायसन्स असलेली, शिकवणारी व्यक्ती बसलेली हवी आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. अठराच्या आतल्या मुलाच्या हाती कार दिली तर विमा सोडाच, कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

अर्ज आणि कागदपत्रं

शोरूममधूनच विमा घ्या असा आग्रह होतो. तशी सक्ती नाही. त्यांचं कोटेशन लेखी घ्या आणि तीच आयडीव्ही, तेच अॅड-ऑन (झिरो डेपसारखी जादा संरक्षणं) धरून दोन-तीन कंपन्यांच्या वेबसाइटवर आकडा काढा. आयडीव्ही वेगळी असेल तर त्या तुलनेला अर्थ नाही.

कोऱ्या गाडीला डीलरचं बिल, चासी आणि इंजिन नंबर लागतात. जुन्या गाडीला आरसी आणि आधीची पॉलिसी. केवायसी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, तेव्हा आधार आणि पॅन तयार ठेवा. कर्ज असेल तर बँकेचं नाव पॉलिसीवर यायला हवं. नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. लायसन्सची प्रत विमा घेताना बहुधा मागत नाहीत, क्लेमच्या वेळी मात्र पहिली मागतात. पैसे भरण्याआधी आरसीवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव अक्षरशः जुळवून पाहा.

सेकंड हँड गाडीत सगळ्यात जास्त फसगत होते. मालकी बदलली की थर्ड पार्टी संरक्षण कलम १५७ नुसार आपोआप नव्या मालकाकडे येतं, ओडी येत नाही. त्यासाठी हस्तांतरापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो. सोबत आरटीओतल्या मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, जुनी पॉलिसी, हस्तांतर शुल्क, आणि जुन्या मालकाला मिळालेल्या बोनसची उरलेल्या काळापुरती रक्कम. आरसी नावावर झाल्यावर बघू म्हणत थांबलात आणि मधल्या काळात गाडी ठोकली, तर दुरुस्ती स्वखर्चाने. पॉलिसी आधीच संपलेली असेल तर कंपनी गाडीची तपासणी करून मगच नवी देते.

कंपनीने क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. फी नाही आणि वकीलही लागत नाही.